मीटरची कच्ची वही

साल दोन हजार तेवीस. मीटर अडुसष्ट वर्षांचा होता आणि मी सत्तरीचा. त्या उन्हाळ्यात फोनमधल्या एका ॲपने त्याला रोज सकाळी नऊ वाजता विचारायला सुरुवात केली, ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ आणि त्याचं उत्तर त्याच्या वतीने मी देत राहिलो. खोटं देत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यासाठी हळहळायला नको. मी चौथी शिकलेला माणूस आहे. नातीने माझं शुद्धलेखन सुधारलंय. तिला बजावलंय, काना-मात्रा काय त्या दुरुस्त कर, राग दुरुस्त करू नकोस.

मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नाव दत्ताराम. पण डोंबिवलीच्या एमआयडीसीत, आमच्या रंगाच्या कंपनीत, दत्ताराम म्हणून हाक मारली असती तर त्याने स्वतःसुद्धा वळून पाहिलं नसतं. आमचं काम रिॲक्टरवर. रिॲक्टर म्हणजे उभा माणूस बुडेल एवढं झाकणबंद भांडं. आत माल शिजतो, बाहेरून गार पाण्याची नाहीतर वाफेची नळी. मीटर त्या नळीला हाताची पालथी बाजू लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, ‘अठ्ठेचाळीस. फार तर पन्नास.’ मग आम्ही डिग्रीच्या काट्याकडे बघायचो. एकोणपन्नास. नवीन केमिस्ट पोरं वडापावच्या पैजा लावायची आणि हरायची. एकदा काटा त्रेपन्न दाखवत होता आणि हा म्हणाला साठ. सगळी शिफ्ट हसली. हा म्हणाला, ‘माझा हात बदलता येणार नाही. मीटर बदला.’ बदलला. साठ निघाले. त्या दिवसापासून तो मीटर.

त्याची दुसरी खोड म्हणजे कच्ची वही. ज्यांनी असल्या कंपनीत घाम गाळलाय त्यांना ठाऊक असेल, दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि लॉगशीटवर चढवायचं. लॉगशीट साहेब बघणार, म्हणून आम्ही ती छान ठेवायचो. छान म्हणजे काय, तर शिफ्ट संपताना चहा पीत आठ तासांचे आकडे एका बैठकीत भरायचे. पन्नास, एकावन्न, पन्नास, पन्नास. मी त्यात पटाईत. मीटर मात्र खिशात स्वतःची छोटी वही ठेवायचा. तासाला जाऊन हात लावायचा, काटा बघायचा, पेन्सिलीने आकडा टिपायचा आणि तोच लॉगशीटवर चढवायचा. मी म्हणायचो, ‘अरे, वाचतो कोण ते?’ तो म्हणायचा, ‘कुणी वाचो न वाचो. काटा खोटं बोलत नाही, लिहिणारा बोलतो.’ असली वाक्यं तो तोंडावर मारायचा. राग यायचा मला. खरं सांगतो, मीटरचा राग येत नव्हता असा दिवस तेहतीस वर्षांत मला आठवत नाही.

एकदा दुसऱ्या पाळीत, दुपारी चारच्या सुमाराला, मी पुढच्या दोन तासांचे आकडे आधीच भरून टाकलेले. पन्नास, पन्नास. मीटर दुसऱ्या रिॲक्टरवर होता. येता-जाता त्याने माझ्या नळीला हात लावला आणि बोंब मारली, ‘वॉल्व खोल, गाढवा! सत्तर झालं!’ गार पाण्याचा वॉल्व अडकलेला. दोघांनी पाना घालून तो फिरवला. अजून दहा मिनिटं गेली असती तर झाकण उडालं असतं, आणि आज हे लिहायला मी नसतो. सगळं थंड झाल्यावर मी म्हटलं, ‘जाऊ दे आता, कुणाला कळलेलं नाही.’ त्याने लॉगशीट माझ्यासमोर ठेवली. ‘दुरुस्त कर.’

चुकीचं रीडिंग दुरुस्त करायचा कंपनीचा नियम होता. खाडाखोड करायची नाही, वरून गिरवायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात सही करायची. सही ज्याने चुकीचं लिहिलं त्याचीच. मी म्हटलं, ‘तूच कर, तुझं अक्षर चांगलं आहे.’ तो म्हणाला, ‘हात तुझा, सही तुझी.’ आणि हाताची घडी घालून बसून राहिला. शिफ्ट सुटली, हूटर वाजला, बस गेली, तरी बसून राहिला. शेवटी मी सही केली. मला मेमो मिळाला. मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. पण एक गोष्ट लिहिली पाहिजे, तो साहेबाकडे गेला नाही. ‘जोडीदाराची चूक जोडीदाराला सांगायची, वर नाही सांगायची,’ हा त्याचा कायदा. तोंडावर गाढव म्हणेल, पण पाठीमागे एक शब्द नाही. हाच कायदा पुढे त्याच्या मुळावर आला, म्हणून सांगतोय.

रिटायर झाल्यावरही आम्ही एकाच चाळीत, भिंतीला भिंत. त्याची बायको आधीच गेलेली. मुलगी वैशाली, आम्ही वैशू म्हणतो, लग्न होऊन ठाण्याला, कोपरीत. सकाळचा चहा मीटर करायचा, पेपर मी आणायचो. चहाच्या पातेल्यालाही पालथा हात लावून म्हणायचा, ‘नव्वद. थांब दोन मिनिटं.’ तोच चहा करताना एक दिवस तो पडला. भिंतीपलीकडून पातेलं पडल्याचा आवाज आला म्हणून मी गेलो, तर हा ओट्याखाली आडवा, तोंड वाकडं आणि गॅस चालू.

लकवा. कल्याणच्या हॉस्पिटलात अठरा दिवस होता. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. त्याला सगळं कळत होतं, पण शब्द सापडत नव्हते. पाणी मागायचं असलं तरी ‘ते... ते...’ करत बसायचा, आणि मग स्वतःवरच चिडून मान फिरवायचा. दोन गोष्टी मात्र शाबूत राहिल्या, आकडे आणि शिव्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. वैशूने विचारलं, ‘बाबा, किती वाजले?’ तर घड्याळाकडे बघून खणखणीत, ‘सव्वादहा!’ आणि मी खोलीत शिरलो की, ‘गाढवा.’ पहिल्यांदा ‘गाढवा’ म्हणाला तेव्हा मी जिन्यात जाऊन नाक पुसून आलो.

वैशू त्याला कोपरीला न्यायचं म्हणत होती. दोन खोल्यांत पाच माणसं, त्यात तिची नोकरी. मी म्हटलं, ‘वैशू, मी आहे ना इथे. सकाळचं मी बघतो, डबा ती डबेवाली बाई देईल, व्यायामाची मुलगी एक दिवसाआड येईल. स्वतःच्या घरात माणूस लवकर उठतो.’ ती म्हणाली, ‘ठीक आहे काका. पण एक सांगते, ते मनाने जरा जरी खचताहेत असं वाटलं, तर मी एक दिवस थांबणार नाही. घेऊन जाणार.’ हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलेलं.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. मी चहा ओतून कप समोर ठेवला. मीटरने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि पालथा करून कपाला लावला. सवयीने. आणि बसून राहिला. डोळे मिटले. मी वाट बघतोय, आता आकडा सांगेल. चहा उकळता होता. मी कप ओढला तोवर हाताला फोड आला. त्याला काहीच कळलं नव्हतं. तो त्या फोडाकडे बघत राहिला आणि मग रडायला लागला. तेहतीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिला नव्हता. बायको गेली तेव्हासुद्धा नाही. आणि मी काय केलं? खेकसलो. ‘रडतोस काय? गडी आहेस ना?’ असं म्हणालो मी. माझ्या जिभेला लकवा व्हायला हवा होता.

मग ते ॲप आलं. हॉस्पिटलातल्या एका मॅडमने वैशूच्या फोनवरही टाकलं आणि मीटरच्याही. मॅडमनी समजावून सांगितलं, लकव्यानंतर पुष्कळ लोकांचं मन पडतं, धास्ती बसते, हा आजाराचाच भाग आहे, त्यात लाज नाही. रोज नऊ वाजता ॲप विचारेल, खाली पाच चेहरे येतील, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत, एक ते पाच. जसं वाटतंय तसा चेहरा दाबायचा. एक आणि दोन हे खालचे चेहरे लागोपाठ चार दिवस आले, तर आमचा माणूस फोन करेल, घरी येईल. वैशूने मान डोलवली. मीही डोलवली. मॅडमची चूक मी काढत नाही. जे होतं ते त्यांनी सरळ सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी फोन वाजला. एक बाई गोड आवाजात बोलली, पाच चेहरे आले. चेहरे चण्याएवढे. मीटरचा डावा अंगठा थरथरायचा, एकावर ठेवायला जावं तर दुसऱ्यावर पडायचा. मी फोन घेतला. ‘सांग, किती?’ तो चेहऱ्यांकडे बघून म्हणाला, ‘एक.’ मी म्हटलं, ‘एक कसा? आज पोळी खाल्लीस अख्खी.’ तो म्हणाला, ‘एक.’ मी चार दाबला. बाई म्हणाली, ‘वा! छान! तुमचा दिवस चांगला जातोय.’ पडद्यावर एक रोप आलं, त्याला पान फुटलं. मीटरने माझ्याकडे पाहिलं. ‘गाढवा,’ म्हणाला. मी हसलो. म्हटलं, बघ, शिवी देण्याएवढा बरा आहेस की!

त्या बाईचा मला किती राग यायचा ते कसं सांगू. ‘आता श्वास घ्या, चार मोजा, हळूच सोडा.’ मीटर मोजायचा, आकडे त्याचे पक्के होते, पण बाईचे चार संपायचे तेव्हा त्याचे अडीच झालेले असायचे. मग तो तिलाही गाढव म्हणायचा. एकदा आलं, ‘आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा.’ अरे, ज्याला पाणी हा शब्द सापडत नाही, त्याला तीन गोष्टी लिहायला सांगता? तो ‘ते... ते...’ करत राहिला, कपाळावर घाम आला, आणि तेवढ्यात बाई म्हणाली, ‘काही हरकत नाही, उद्या पुन्हा प्रयत्न करू या.’ काही हरकत नाही! बसून दोन मिनिटं वाट बघायला तुला काय झालं होतं? दुसऱ्या दिवसापासून तेही मीच लिहायला लागलो. चहा. पोळी. मुलगी. रोज तेच. रोपाला रोज पान.

संध्याकाळी वैशूचा फोन यायचा. ‘काका, किती छान चाललंय! झाड बघितलंत का? मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.’ तिच्या आवाजात जीव आलेला असायचा. मी म्हणायचो, ‘सांगितलं होतं ना तुला.’ छाती फुगायची माझी. तोवर मीटर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. व्यायामाची मुलगी आली की डोळे मिटून घ्यायचा. डब्यातली भाजी तशीच राहायची, ती मी खायचो आणि सांगायचो, संपवली. रविवारी वैशू आली की म्हणायचो, व्यायामाने दमलाय, पडू दे. हे सगळं मला दिसत होतं. मी आंधळा नव्हतो. कुणी म्हणेल, बिचाऱ्या म्हाताऱ्याला फोन वापरता आला नाही. तर तसं नाही. मला चांगला वापरता आला.

मी असं का केलं, तर तेव्हा स्वतःला एक कारण सांगत होतो. डोकं फिरल्यावर ज्याच्याकडे नेतात तो डॉक्टर चाळीत मीटरकडे येणार? सत्तर डिग्रीला ज्याचा हात हलला नाही त्याच्याकडे? लोक काय बोलतील? हे कारण होतं. पण ते लॉगशीटवरचं होतं. खरं वेगळं होतं, ते शेवटी सांगतो, कारण जिला ते पहिल्यांदा सांगायला हवं होतं तिला मी फार उशिरा सांगितलं.

मे महिन्यात पुतण्याचं लग्न निघालं. मी तीन दिवसांसाठी राजापूरकडे गावी गेलो. डबेवालीला सांगून ठेवलं, नऊ वाजता फोन त्याच्या हातात दे, काय दाबेल ते दाबेल. चौथ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरलो तो पिशवीत आंबे घेऊन थेट मीटरच्या खोलीत. नऊला दोन मिनिटं कमी होती. मीटर खाटेवर उठून बसलेला. फोन मांडीवर आणि डावा अंगठा तयार. मला बरं वाटलं, म्हटलं, सुधारतोय. फोन वाजला. तो अंगठा खाली नेत होता. मी म्हटलं, ‘दे इकडे, मी आलोय ना आता.’ फोन काढून घेतला आणि चार दाबला. नेहमीसारखं पान फुटलं. मीटर माझ्याकडे बघत राहिला. खूप वेळ. त्या दिवशी तो गाढवा म्हणाला नाही. त्यानंतर कधीच म्हणाला नाही. आणि मी मूर्ख, संध्याकाळी वैशूला सांगितलं, ‘तुझ्या बापाच्या शिव्यासुद्धा कमी झाल्या. सुधारणा आहे.’

जूनमध्ये त्याला दुसरा झटका आला. मोरीत जाताना. डबेवालीने मला हाक मारली. कल्याणचं तेच हॉस्पिटल. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दाब बघितला आणि वैशूला विचारलं, ‘गोळ्या वेळेवर घेत होते का?’ ती म्हणाली, ‘हो, काका स्वतः हातात द्यायचे.’ डॉक्टर म्हणाले, ‘दाबाच्या गोळ्या पोटात जात असतील असं वाटत नाही. मनाने खचले होते का?’ वैशूने फोन काढला. ‘नाही हो डॉक्टर, बघा ना. रोज चार आहे. मध्ये तीन दिवस जरा कमी झालेलं, मी घाबरले, पण चौथ्या दिवशी लगेच वर आलं.’ मी तिच्या शेजारी उभा होतो. एवढ्या जवळ की तिच्या फोनवरचं झाड मला दिसत होतं. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात, बाकावर, पिशवीतला मीटरचा फोन वाजला. नऊ वाजले होते. ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ वैशू माझ्याकडे वळली. ‘काका, काय दाबू?’ मी म्हटलं, ‘राहू दे आज.’ तिसऱ्या दिवशी दुपारी मीटर गेला. शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. मी त्याचा उजवा हात धरून बसलो होतो. गार होता. आकडा मला सांगता आला नाही, तेवढी अक्कल माझ्या हाताला नाही.

तेरावा झाला. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर वैशू आणि मी खोली आवरायला घेतली. खाटेखाली त्याचे कंपनीतले सेफ्टी शूज होते, पुढे लोखंड असलेले. रिटायर होताना सोबत आणले होते. वैशूने एक उचलला आणि उलटा केला. गोळ्या पडल्या. पांढऱ्या, गुलाबी, मूठभर. तोंडात धरून ठेवायचा आणि मी पाठ फिरवली की डाव्या हाताने बुटात टाकायचा. मीच दिलेल्या गोळ्या. वैशू जमिनीवर बसली. ‘का हो काका? का नाही घेतल्या? सगळं तर बरं चाललेलं!’

दुसऱ्या बुटात वही होती. खिशात मावेल एवढी, तसलीच, पेन्सिल लावलेली. वैशूने ती उघडून माझ्यापुढे धरली. ‘हे काय आहे? नुसते आकडे आहेत.’

शब्द त्याला लिहिता येत नव्हते, पण आकडे येत होते. डाव्या हाताने काढलेले, लहान मुलाने काढावेत तसे. तीन रकाने आखलेले, वाकडे. पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात चार. खाली पुन्हा एक, चार. एक, चार. पानंच्या पानं. मला वाचायला क्षणही लागला नाही. पहिला रकाना काटा, दुसरा रकाना मी. आणि तिसरा रकाना कोरा. तो कशाचा ते मला सांगायला नको. मध्येच तीन ओळी वेगळ्या होत्या. एक, एक. एक, एक. एक, एक. आणि त्या तिन्हींच्या तिसऱ्या रकान्यात एक वाकडा ‘द’. त्याची सही. मी गावी होतो ते तीन दिवस. चौथ्या ओळीत पहिला रकाना एक, दुसरा चार, तिसरा कोरा.

म्हणजे त्या सकाळी तो चौथा एक दाबायला बसला होता. मॅडमनी सांगितलेलं त्याला कळलेलं होतं. चार दिवस लागोपाठ. त्याने मोजले होते. आकडे त्याचे पक्के होते.

तेव्हा मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. त्या ॲपचा आला. तीन दिवस एक आणि चौथ्या दिवशी एकदम चार? आमच्या कंपनीत काटा असा उडाला असता तर अडाण्यातला अडाणी ऑपरेटरसुद्धा धावत गेला असता की बाबा, काय झालं बघू. आणि हे यंत्र टाळ्या वाजवत बसलं, पान फोडत बसलं. मीटरचा आला. एक हात चालत होता ना तुझा? फोन हिसकावून घ्यायचा होतास. माझ्या थोबाडीत मारायची होतीस. वैशू दर रविवारी येत होती, तिच्यासमोर वही धरायची होतीस. पण नाही. जोडीदाराची चूक वर सांगायची नाही. रकाना कोरा ठेवून वाट बघत बसला, कधी हा गाढव स्वतःहून सही करतो. पूर्वी हूटर वाजून गेला तरी बसून राहिला होता ना, तसाच.

‘सांगा ना काका,’ वैशू म्हणाली, ‘कसले आकडे आहेत?’

मी म्हटलं, ‘कंपनीचं जुनं रीडिंग असेल काहीतरी.’

तिने वही ओढणीच्या टोकाने पुसली. ‘असू दे. बाबांचं अक्षर आहे, मी ठेवते.’ वही पर्समध्ये टाकली आणि कोपरीला निघून गेली. मी दारात उभा होतो. पुन्हा खोटं लिहिलं होतं मी. माणूस जाऊन तेरा दिवस झाले तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कोपरीला गेलो. आठ वाजले होते. वैशू डबा भरत होती. ‘काका? एवढ्या सकाळी? काय झालं?’ मी म्हटलं, ‘ती वही आण.’ खुर्ची दिली तर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. पहिला रकाना तुझ्या बापाने सांगितलेला, दुसरा मी दाबलेला. रोज. एकही दिवस चुकवला नाही.

तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. ‘का पण?’

‘तू म्हणाली होतीस, खचले तर घेऊन जाणार. तू त्याला नेला असतास. भिंतीपलीकडे मला कोण उरलं असतं? म्हणून.’

हेच ते खरं कारण. मला वाटलं ती ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘त्या तीन दिवसांत मी बॅग भरून ठेवली होती काका. चौथ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून येणार होते. मग चार आला. मी बॅग रिकामी केली.’ मग म्हणाली, ‘मी नेलं असतं तर जगले असते का?’

‘ते मला माहीत नाही. पण कुणीतरी आलं असतं. त्याला कुणीतरी यायला हवं होतं.’

ती पाठमोरी झाली, ओट्याला धरून उभी राहिली. मी हात पुढे केला नाही, तेवढा हक्क मला नव्हता. डोळे पुसून वळली तेव्हा तिचा चेहरा अगदी बापासारखा झाला होता, लॉगशीट समोर ठेवताना व्हायचा तसा. ‘आणि हा तिसरा रकाना?’

‘सहीचा. पेन दे.’

‘आता सही कशाला? कोण बघणार आहे?’

‘कुणी बघो न बघो. ज्याने चुकीचं लिहिलं त्यानेच करायची.’

तिने ऑफिसला फोन करून सांगितलं, आज येत नाही. डबा बाजूला सारला आणि वही माझ्यासमोर ठेवली. मी चष्मा लावला. पहिल्या ओळीतल्या चारवर एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा दिसेल अशी. वर एक लिहिला. तिसऱ्या रकान्यात सही केली, पूर्ण नावाची, चौथीत शिकवली होती तशी, जोडाक्षर न चुकवता. वेळ लागला. सगळ्या मिळून एकसष्ट ओळी होत्या, त्यातल्या तीन त्याच्या. वैशूने खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.